लिस्बन एका दिवसात, पायी: कुठला चढ चढायचा, कुठला टाळायचा

लिस्बनला पहिल्यांदा गेलेला माणूस एक चूक हमखास करतो. सकाळी ताजातवाना असताना नदीकाठच्या सपाट भागात दुकानं बघत, फोटो काढत रमतो आणि भर दुपारी, पोटभर जेवून, किल्ल्याची टेकडी चढायला घेतो. मीही तेच केलं होतं. अर्ध्या वाटेत धापा टाकत पायरीवर बसलो, तर एक सत्तरीच्या आजीबाई भाजीची पिशवी घेऊन शेजारून सरळ वर निघून गेल्या. जाताना हसल्याही. पुढच्या खेपेला क्रम उलटा केला: सकाळी टेकडी, दुपारी सपाटी, उन्हं कलल्यावर समोरची टेकडी आणि शेवट नदीवर. तोच क्रम इथे सांगतोय. एकूण चाल साधारण आठ-नऊ किलोमीटरची. रोज सकाळी फिरायला जाणाऱ्याला जड नाही.

आधी एक निर्णय: बेलेम सोडा

वास्को द गामाची कबर, जेरोनिमोसचा मठ, नदीतला तो प्रसिद्ध बुरूज हे सगळं बेलेम भागात, शहराच्या मध्यापासून सहा किलोमीटर पश्चिमेला आहे. जाणं-येणं आणि रांगा धरून अर्धा दिवस तिथेच जातो, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात लिस्बन होत नाही. दोन दिवस असतील तर दुसऱ्या सकाळी काइस दो सोद्रे स्टेशनातून लोकल पकडा, दहा मिनिटांच्या आत बेलेम येतं. (सोमवारी मठ बंद असतो.) एकच दिवस असेल तर वास्कोला खुशाल राहू द्या. त्याच्यापेक्षा मुंबईच्या जास्त जवळची एक बाई जुन्या शहरातच चिरविश्रांती घेते आहे. तिच्याकडे आपण साडेदहापर्यंत पोचणार आहोत.

निघताना

बूट हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. इथले फुटपाथ चुनखडीच्या लहान लहान चौकोनी दगडांचे असतात, त्याला 'काल्सादा' म्हणतात. दिसायला देखणे, पण लाखो पावलांनी घासून आरशासारखे झालेले. पावसाची एक सर आली की उतारावर शेवाळलेल्या घाटावरून चालल्यासारखं वाटतं. रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट घाला. चामडी तळव्याची चप्पल आणि उंच टाचा हॉटेलातच ठेवा.

पाण्याची बाटली सोबत घ्या, नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये टोपी लागतेच. हिवाळ्यात पाऊस जास्त, आणि डिसेंबरमध्ये सव्वापाचलाच सूर्य मावळतो. जूनमध्ये मात्र रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे हाच बेत आरामात लांबवता येतो.

विमानतळावरून थेट येत असाल तर लाल मेट्रोने आलामेदापर्यंत या आणि हिरव्या मार्गिकेने रोसियो गाठा. सामान हॉटेलात किंवा लॉकरमध्ये टाकल्याशिवाय मात्र निघू नका. चाकांची बॅग आणि काल्सादा यांचं जन्मात जमत नाही.

नावांबद्दल एक सूचना. मी ती पाटीवरच्या स्पेलिंगला धरून लिहिली आहेत. लोक शेवटच्या 'स'चा 'श' करतात आणि स्वर अर्धे गिळतात. त्यांच्या तोंडी शहराचं नावही 'लिश्बोआ' आहे.

सकाळी आठ: रोसियो

चौकातल्या फरशीवर काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत. समुद्रावर जगलेल्या गावाने आपल्या मुख्य चौकात समुद्रच आंथरलाय. एखाद्या साध्या कॅफेत शिरा आणि काउंटरशी उभ्यानेच 'बिका' मागा, म्हणजे छोट्या कपातली कडक कॉफी. दूध हवं असेल तर 'गालाओं'. सोबत 'पाश्तेल द नाता', म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची करपट डागांची वाटी, वर दालचिनीची पूड भुरभुरून. बाहेरच्या खुर्चीवर बसलात तर त्याच कॉफीला बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात.

काचेच्या कपाटात त्रिकोणी काहीतरी दिसेल. तुम्हाला वाटतंय तेच आहे ते. 'शामुसा', म्हणजे आपला समोसा, गोव्याकडून इथे येऊन कॅफेकॅफेत स्थिरावलेला. आत बहुतेकदा मांस असतं, तेव्हा शाकाहारींनी विचारल्याशिवाय उचलू नये.

चौकाच्या उत्तरेला आज नाट्यगृह आहे, त्याच जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. शेजारच्या गल्लीतल्या सांव दोमिंगोस चर्चमध्ये दहा मिनिटं जा. १९५९ च्या आगीत ते आतून जळालं. छत नवं बांधलं, पण तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवले. १५०६ मध्ये बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल इथूनच सुरू झाली. बाहेर त्याचं स्मारक आहे. अशाच एका बाटवलेल्या ज्यू घराण्यातला वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्याला निघून आला. मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, आणि भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो मेल्यावर १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. इतकं अंतर कापूनही त्याला हा चौक चुकला नाही.

पावणेनऊ: लिफ्टने टेकडी

आता या लेखातली सर्वात उपयोगाची गोष्ट. किल्ल्याकडे नेणारी २८ नंबरची ट्राम विसरा. रांग लांब, आत चेंगराचेंगरी आणि पाकीटमारांची चंगळ. त्याऐवजी प्रासा दा फिगेइरा चौकातून रुआ दोस फांकेइरोस या रस्त्याने नदीच्या दिशेने चाला. डाव्या हाताला एका साध्या इमारतीच्या दारावर लिफ्टची खूण दिसेल. ही पालिकेची लिफ्ट फुकट आहे. वर रुआ दा मादालेना लागतो. तो ओलांडून शांव दो लोरेइरोकडे जा. तिथे सुपरमार्केट आणि पार्किंगची इमारत आहे, तिच्यातही लिफ्ट आहे. तिने वर गेलात की थेट किल्ल्याच्या पायथ्याच्या रस्त्याला लागता. सगळ्यात वाईट चढ घाम न गाळता संपला.

किल्ल्यात जायचं का? माझं मत: नको. १९४० च्या सुमारास त्याची इतकी डागडुजी झाली की तट बघताना जुनं किती आणि नवं किती हा प्रश्न सुटत नाही, आणि तिकीट पंधरा युरोंच्या वर आहे. रायगड-सिंहगड पायी चढलेल्याला या तटबंदीचं फार कौतुक वाटणार नाही. बरोबर मुलं असतील तर जा, आत मोर मोकळे फिरतात. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो एन्रिकेस याने हा किल्ला मूर (मुस्लिम) राज्यकर्त्यांकडून जिंकला, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढची वाट समजते.

पाच-सात मिनिटं उतरून सांता लुझियाच्या कट्ट्यावर या. बोगनवेलीच्या मांडवाखालून आल्फामाची लाल छपरं आणि तेजो नदी दिसते. नदी इथे इतकी रुंद आहे की पहिल्यांदा बघणारा तिला समुद्रच म्हणतो. कट्ट्यालगतच्या चर्चच्या भिंतीवर निळ्या टाइल्सची दोन चित्रं आहेत. एकात ११४७ ची लढाई, दुसऱ्यात १७५५ च्या भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक. दुसऱ्याचा फोटो काढून ठेवा, दुपारी त्याच चौकात उभं राहून ताडून बघायचाय.

साडेदहा: सांव व्हिसेंते, मुंबई आंदण देणाऱ्यांच्या घरी

शेजारच्या पोर्तास दो सोलच्या गच्चीवरून ट्रामच्या रुळांच्या कडेने दहा मिनिटं चाललं की सांव व्हिसेंते द फोरा हा पांढरा मठ येतो. गर्दी किल्ल्यावर असते, इथे शांतता. तिकीट काढून आत जा. जुन्या भोजनशाळेत ब्रागांझा राजघराण्याची दफनशाळा आहे, भिंतीलगत ओळीने शवपेट्या. त्यांत कातारिना द ब्रागांझा शोधा.

हिच्याच लग्नाच्या करारात, १६६१ मध्ये, मुंबईचं बेट आंदण म्हणून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला लिहून दिलं गेलं. शाळेच्या पुस्तकातलं ते एक वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलंय. वाक्यातली बाई मात्र पुस्तकातून गायबच असते. परक्या दरबारात, नवऱ्याच्या उघड लफड्यांमध्ये, मूलबाळ नसताना तिने तीस वर्षं काढली. मग विधवा होऊन लिस्बनला परतली, म्हातारपणी काही काळ भावाच्या वतीने राज्यकारभारही पाहिला आणि १७०५ च्या शेवटच्या दिवशी गेली. मुंबई तिने कधी पाहिली नाही. तिच्या पेटीसमोर मी बराच वेळ उभा होतो. पहारेकऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

वर गच्ची आहे, ती चुकवू नका. मठातल्या निळ्या टाइल्सवर प्राण्यांच्या बोधकथाही रंगवलेल्या आहेत.

मंगळवार किंवा शनिवार असेल तर मठामागच्या मैदानात जुना बाजार भरतो, 'फेइरा दा लाद्रा'. जुन्या टाइल्स, नाणी, तुटकी घड्याळं, कुणाच्या तरी आजीचे चमचे. घासाघीस चालते. पलीकडे पांढऱ्या घुमटाची सांता एंग्रासिया दिसेल. तिचं काम १६८२ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. रेंगाळलेल्या कुठल्याही कामाला इथले लोक 'सांता एंग्रासियाचं बांधकाम' म्हणतात. आपल्याकडे असा वाक्प्रचार करायचा म्हटला तर कुठल्या पुलाचं नाव घ्यावं यावर भांडणं होतील. आत न गेलात तरी चालेल.

साडेअकरा: आल्फामा उतरताना

आता फोन खिशात. आल्फामात नकाशाचा ठिपका भलत्याच गल्लीत उड्या मारतो. नियम एकच: उताराकडे वळा. पाणी जसं नदीला मिळतं तसे तुम्हीही मिळाल. नावातच पाणी आहे, अरबी 'अल-हम्मा' म्हणजे गरम पाण्याचे झरे. हा भाग पक्क्या खडकावर आहे, म्हणून १७५५ च्या भूकंपात बराचसा वाचला.

खिडक्यांत वाळत घातलेले कपडे, दारात खुर्ची टाकून बसलेल्या बायका, कुठेतरी मासळी भाजल्याचा वास. जूनमध्ये, संत अँथनीच्या सणाला, गल्लीगल्लीत शेगड्या पेटतात आणि सार्डिन, म्हणजे आपली तारली, भाजून पावावर देतात. कोकणातल्या माणसाला तेव्हा इथून हलवणं अवघड. बाकी दिवशी लक्षात ठेवायचं ते एवढंच की ही लोकांची घरं आहेत. खिडकीत डोकावून फोटो नकोत, आवाज हळू.

खाली फादो (इथलं पारंपरिक गाणं) संग्रहालयाच्या चौकात पोचलात की उजवीकडे वळा आणि नदीला समांतर चाला. काही मिनिटांत टोकदार दगडांनी मढवलेलं घर दिसेल, जणू भिंतीवर काटे आलेत. हे कासा दोस बिकोस. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकेर्कच्या मुलाने, ब्रासने, ते १५२३ मध्ये बांधलं. आज तिथे नोबेल मिळवणारे लेखक जुझे सारामागो यांचं प्रतिष्ठान आहे, आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा पुरली आहे.

एक वाजता: जेवण, आणि आपलेच शब्द

रुआ आउगुस्ता या मुख्य रस्त्यावर मेनूकार्ड नाचवत बोलावणारे भेटतील. तिथे बसू नका. आडव्या गल्लीत जिथे ऑफिसातली माणसं जेवताहेत आणि 'प्रातो दो दिया' (आजची थाळी) हाताने लिहून लावलीय, तिथे बसा.

बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येईल. हा पाहुणचार नाही. खाल्लंत तर बिलात लागतं. मी पहिल्यांदा गाढ कृतज्ञतेने सगळं संपवलं होतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

मेनू वाचताना मराठी माणसाची सोय अशी की निम्मी भाजीमंडई ओळखीची निघते. पाव, बटाटा, कोबी, अननस, काजू यांची नावं आपण पोर्तुगीजांकडूनच घेतली. पण एक सापळा आहे: 'पेरू'. इथे पेरू म्हणजे टर्की पक्षी. फळ समजून सँडविच मागवलेल्या शाकाहारी माणसाची फजिती ठरलेली.

शाकाहारींनी 'सेम कार्ने, सेम पेइशे' (मांस नको, मासा नको) पाठ करावं. 'सोपा द लेगुमेस' हे भाज्यांचं सूप जवळपास सगळीकडे मिळतं. 'काल्दो व्हेर्दे' हे कोबीच्या जातीच्या पानांचं सूप चवीला छान, पण त्यात सॉसेजची चकती टाकतात, ती नको म्हणून सांगा. चीजचं भाजलेलं सँडविच हवं तर 'तोस्ता द केइजो' म्हणा. 'मिस्ता' म्हटलंत तर हॅम येईल. आभार मानताना पुरुषांनी 'ओब्रिगादो', बायकांनी 'ओब्रिगादा'.

दोन वाजता: सपाटी

आता प्रासा दो कोमेर्सियो. सकाळी काढलेला टाइल्सचा फोटो उघडा. इथे राजवाडा होता, आणि त्यातच 'कासा दा इंदिया', म्हणजे मिरी-दालचिनीच्या व्यापाराची कचेरी. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाची सकाळ, लोक चर्चमध्ये, वेदीवर मेणबत्त्या. साडेनऊनंतर जमीन हलली, मग आगी लागल्या, मग नदीतून लाटा आल्या. वाडा, कचेरी, कागदपत्रं सगळं गेलं.

पाठीमागे पसरलेला बाइशा भाग त्यानंतर राजाचा मंत्री, पोंबालचा मार्केस, याने पट्टी लावून आखून घेतला. सरळ रस्ते, सारख्या इमारती, आणि भिंतींच्या आत लाकडी पिंजरा, धक्का बसला तर डोलावा पण कोसळू नये म्हणून. रस्त्यांना धंद्यांची नावं: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, कापडवाल्यांचा. तांबट आळी आणि बुरूड आळी माहीत असलेल्या पुणेकराला हे समजावून सांगावं लागत नाही.

कुणी कानाशी 'हशीश' असं पुटपुटलं तर थांबू नका. बऱ्याचदा पुडीत तमालपत्राचा चुरा असतो.

साडेतीन: सरकत्या जिन्याने शियादो

सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट १९०२ ची, ४५ मीटर उंच आणि दिसायला सुंदर. खालून फोटो काढा आणि रांग टाळा. बाइशा-शियादो मेट्रो स्टेशनच्या खालच्या दाराने, रुआ दो क्रुसिफिशोवरून आत शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने बाहेर पडा. तिकीट लागत नाही, आणि अख्खी टेकडी चढून होते.

वर बेर्त्रांद हे १७३२ पासून चाललेलं पुस्तकांचं दुकान आहे. पुढे कार्मोचा मठ, भूकंपात छत कोसळलेला. पुन्हा कधी ते घातलंच नाही. दगडी कमानींच्या वर थेट आकाश. दिवसभरात तिकीट काढून एकच वास्तू बघायची असं ठरवलं, तर सांव व्हिसेंते की कार्मो यात माझी ओढाताण होईल. रविवारी कार्मो बंद असतो, तेव्हा प्रश्नच मिटतो.

मठासमोरच्या झाडांच्या चौकात थोडं बसा. २५ एप्रिल १९७४ ला इथल्याच बराकीत हुकूमशाही राजवटीचा पंतप्रधान मार्सेलो कायतानो याने शरणागती पत्करली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोवली होती. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला होता, पण जुन्या राजवटीने शेवटपर्यंत ते मान्य केलं नाही. या चौकातल्या दिवसानंतर, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला, पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं.

मठाच्या बाजूने सांता जुस्ताच्या वरच्या पुलावर फुकट जाता येतं. खाली रांगेत उभे असलेले लोक दिसतात. थोडं बरं वाटतं.

उन्हं कलल्यावर: समोरची टेकडी, मग नदी

सांव पेद्रो द आल्कांताराच्या बागेतून सकाळची किल्ल्याची टेकडी समोरासमोर दिसते, आणि कलती उन्हं तिच्यावर पडलेली असतात. आपण कुठून कुठे चाललो ते इथे कळतं. तिथून बाइरो आल्तोच्या अरुंद गल्ल्या ओलांडून सांता कातारिनाच्या कट्ट्यावर या. तिथला दगडी राक्षस म्हणजे आदामास्तोर. कामोंइश या कवीने आफ्रिकेच्या टोकावरच्या वादळांना दिलेलं हे रूप, भारताची वाट अडवणारं. तरुण मुलं त्याच्याकडे पाठ करून बिअर पीत बसलेली असतात.

शेवटचा उतार बिका भागाचा, ट्रामच्या रुळांच्या कडेने थेट नदीकडे. तो खडा आहे. पाऊस पडून गेला असेल तर बाजूच्या पायऱ्याच धरा. मी इथेच घसरलो होतो, आणि एका हातात आइस्क्रीम होतं. खाली काइस दो सोद्रे, आणि डावीकडे वळलं की रिबेइरा दास नाउस, जिथे भारताकडे जाणारी गलबतं बांधली जायची. आता तिथे रुंद दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. बूट काढून बसा.

फादो ऐकायचं असेल तर जागा आधी राखून ठेवा, आणि किमान किती रुपयांचं खावं लागतं, अर्थात युरोंत, ते विचारूनच बसा. गाणं सुरू असताना बोलायचं नसतं, चमचाही वाजवायचा नसतो. परतायला काइस दो सोद्रेहून हिरवी मेट्रो रात्री एकपर्यंत मिळते. स्टेशन पायऱ्यांपासून पाच मिनिटांवर आहे, आणि वाटेत एकही चढ नाही.